विहिरीत सोडलेला कंदील

कंदील निम्म्यावर गेला असेल, तेवढ्यात विहिरीतून आग वर आली. आवाज फार मोठा नव्हता. दांडीवर टाकलेल्या ओल्या गोधडीवर काठी मारावी, तेवढाच. काठावरच्या उंबराची पानं जागच्या जागी आक्रसली. दोर माझ्या हातात होता, तो मी सोडून दिला. माझ्या भुवया जळाल्या हे मला संध्याकाळी कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की शेवटच्या पायरीवर उभा असलेला माझा धाकटा दीर तिथं नाही.

आमच्या विहिरीला निम्म्यापर्यंत दगडी पायऱ्या, त्याखाली सरळ कातळ. वैशाखात पाणी छातीला लागेल एवढंच उरायचं. दीर त्या पाण्यात पडला होता आणि पाण्यावर आग होती. तो बुडी मारायचा, श्वासाला वर यायचा, परत बुडी मारायचा. ओरडत नव्हता. ओरडायला तोंड उघडावं लागतं.

मालक, म्हणजे माझा नवरा, रहाटापाशी होते. ते "नाडा, नाडा" म्हणत जागच्या जागी फिरत राहिले आणि मोटेचा नाडा त्यांच्या पायातच पडला होता. त्यांना मी नावं ठेवत नाही. मी तेवढंही केलं नाही. हलला तो एकटा आबा. आबा म्हणजे वरच्या ठाकरवाडीचा म्हातारा, दर साल आमच्या विहिरीचा गाळ काढायला यायचा. त्याने गुरांच्या डोणीतलं ओलं गोणपाट डोक्यावरून घेतलं, नाड्याचं एक टोक खांबाला बांधलं आणि घसरत खाली गेला. खालून आवाज आला, "वडा!" आम्ही दोघांनी ओढलं. आधी दीर वर आला. मग नाडा परत सोडला, त्यावरून आबा आला. तोवर आग बसली होती. कातळाच्या कडेकडेनं निळी जीभ फिरत होती तेवढीच.

दिराच्या हातांची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटली होती. तोंड सुजून डोळे दिसेनात. आबाचे केस आणि मिशी जळाली होती, बाकी अंगावर काही दिसत नव्हतं. तो दोनदा खोकला आणि पाणी मागितलं. विहिरीवर उभं राहून त्याला पाणी देता येईना. घरातल्या हंड्यातलं, नदीवरून आणलेलं पाणी मी पळत जाऊन आणलं. ते पिऊन तो चालत वाडीवर गेला.

कंदील मी लावला होता आणि मीच खाली सोडला होता. पुढचा सगळा महिना याच्याभोवती फिरला. विहिरीत पेट्रोल कुठून आलं हे शोधून काढलं नसतं, तर दिराला जाळणारी बाई मीच ठरले असते आणि तसं कागदावर कायमचं राहिलं असतं.

ही गोष्ट कोयनेच्या भूकंपाच्या आधीची. आमचं गाव कामशेतच्या अलीकडे, मुंबई-पुणे रस्त्याला लागून. तेव्हा तो रस्ता एकच होता, सगळ्या गाड्या आमच्या दारावरून जायच्या. रस्त्याच्या कडेला, गावाच्या वरच्या अंगाला, एका शेठनं पेट्रोलपंप टाकला होता. पंपाखाली आमची भातखाचरं आणि खाचरांच्या खाली ही विहीर. निम्मं गाव तिच्यावर पाणी भरायचं.

माघात पाण्याला वास यायला लागला. आधी एका घरचा चहा बिघडला, मग सगळ्यांचा. विहिरीवर बायका एकमेकींना चिडवायच्या.

"तुज्या घरचा च्या कुन्या डायवरनं केलावता गं आज?"

"तुजी भाकरी खाल्ली तवाच मला वाटलं, आता ढेकर दिला की हारन वाजंल."

आठ दिवसांनी चिडवणं संपलं. आमच्या म्हशीनं डोणीत तोंड घातलं आणि फुरफुरून बाहेर काढलं. सासू म्हणाली, "म्हशीला कळलं. मान्सास्नी कवा कळतंय बगू." आम्ही पुरुषांना सांगितलं की वास पंपाचा आहे. ते म्हणाले, पंप वर रस्त्याला, विहीर खाली, मधे एवढी जमीन, पेट्रोल काय चालत येतं का? कुणीतरी ट्रकवाल्यानं खोडीनं पेट्रोलचा डबा विहिरीत टाकला असणार, तो गाळात पडलाय, गाळ काढला की डबा निघेल आणि वास जाईल. हे सगळ्यांना पटलं. तोवर बायकांनी इंद्रायणीवरून पाणी आणायचं ठरलं. जाऊन येऊन पाऊण तास, दोन हंडे डोक्यावर. पुरुषांना वैशाखापर्यंत थांबायला काही हरकत नव्हती.

आता कंदिलाचं सांगते. माझं लग्न होऊन मी या घरात आले त्याच्या आधी, शेजारच्या गावात दोघं भाऊ गाळ काढायला विहिरीत उतरले आणि वर आले नाहीत. जुन्या विहिरीत खराब हवा साचते, ती दिसत नाही आणि तिला वास नसतो. तेव्हापासून आमच्याकडे नेमच झाला. माणूस उतरायच्या आधी पेटता कंदील दोराला बांधून खाली सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं, विझला तर त्या दिवशी कोणी पाय टाकायचा नाही. आमच्या घरात हे काम बाईचं, कारण पुरुषांचे हात दोर आणि पाट्या सांभाळायला लागायचे. सासूनं केलं, मग मी केलं. भर उन्हात कंदील घेऊन निघायचं.

त्या दिवशी दीर पायऱ्या उतरता उतरता मला म्हणाला, "वैनी, दिस डोक्यावर आलाय आन् तुमी कंदील घिऊन निगाला. दिसंना झालं का काय?"

मी म्हटलं, "तुजं तोंड नीट बगायचंय. लावते."

तो हसला आणि दोर कातळावर घासू नये म्हणून शेवटच्या पायरीवर जाऊन उभा राहिला.

वास पेट्रोलचा आहे हे आम्ही चौघंही जाणत होतो. पेट्रोल पेटतं हेही जाणत होतो. पंपावर बिडी ओढू देत नाहीत हे तर लहान पोरांनाही माहीत होतं. तरी कंदील लावला, कारण विहिरीत उतरायचं म्हणजे आधी कंदील, हे अंगवळणी पडलेलं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि त्या कोणी जोडल्या नाहीत. नंतर पुष्कळांनी विचारलं, एवढंसुद्धा कळलं कसं नाही. नाही कळलं.

दिराला दवाखान्यात नेलं ते पंपाच्या शेठनंच. आग बघून तो स्वतः धावत आला, जीप काढली, मागच्या बाकावर गादी टाकली आणि लोणावळ्याला पोचवलं. तिथून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. हे त्याने केलं आणि पुढे जे केलं तेही त्यानेच केलं. मी दोन्ही लिहिते.

माझी जाऊ, दिराची बायको, त्याच्याबरोबर गेली. जीपमध्ये चढताना तिनं मला विचारलं, "कंदील तुमी लावला न्हवं?"

"व्हय."

"बरं," म्हणाली आणि चढली.

तिसऱ्या दिवशी हवालदार पंचनामा करायला आला. पाटलाच्या ओट्यावर बसून त्याने लिहिलं. शेठ शेजारी होता, चहा त्याच्याकडून आला होता. लिहून झाल्यावर मला बोलावलं.

"आंगठा का सही?" हवालदारानं विचारलं.

"आदी वाचते."

ओट्यावरचे पुरुष हसले. पाटील म्हणाला, "वाच बाई, वाच. दुपार हाय मोकळी."

मी चौथी शिकले. शाळा सुटल्यापासून हाताने लिहिलेलं फारसं वाचलं नव्हतं, आणि हवालदाराचं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. वेळ लागला. त्यात लिहिलं होतं की सदर बाईने निष्काळजीपणे कंदील सोडल्याने तो आपटून फुटला, आतील रॉकेल सांडून भडका उडाला आणि इसम भाजला. पेट्रोल हा शब्द कुठेच नव्हता.

मी विचारलं, "कंदिलात पावशेर रॉकेल व्हतं. तेवढ्यावर इहीर पेटती व्हय? मग आमी रोज चूल फुंकून डोळं कशाला फोडून घेतो?"

शेठ म्हणाला, "मावशी, रॉकेल फार वाईट. तुम्हाला कल्पना नाही."

"रॉकेल माज्या हाताला रोज लागतंय शेठ. तुमच्या हाताला न्हाई."

पाटील म्हणाला, "सही कर आन् मोकळी हो. कोन तुला फासावर देनार हाय?"

मी सही केली नाही. घरी मालक चिडले. "कशाला वाकड्यात शिरतीस? शेठनं जीप दिली." मी म्हटलं, जीप दिली त्याबद्दल हात जोडते, सही त्यासाठी करणार नाही. आग ज्याने आतून बघितली असा माणूस एकच होता. त्याने पाण्यावर काय तरंगत होतं ते सांगितलं असतं. म्हणून आगीनंतर सहाव्या दिवशी मी आबाला आणायला वाडीवर गेले.

चढ तासाभराचा. आबाची बायको दारात वाळलेल्या काटक्या मोडत होती. आबा आदल्या दिवशी गेला होता. ती म्हणाली, "आल्यावर दोन दिस बरा व्हता. मग दम लागला. आडवा पडला की घुसमटायचा, म्हून बसूनच व्हता. बसल्या बसल्या गेला."

"खाली सांगावा का न्हाई धाडला?"

"काय म्हून धाडायचा? भाजला न्हवता."

त्यांना ते आगीचं वाटलंच नव्हतं. अंगावर फोड नाही, कातडी शाबूत, मग आग कसली? वारं बाधलं म्हणून अंगारा लावला. आगीची वाफ छातीत गेली तर माणूस आतून भाजतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. ते मला पुढे चौकशीला आलेल्या साहेबाकडून कळलं. मी मोडलेल्या काटक्यांची मोळी बांधू लागले, मग उतरले.

लोणावळ्याच्या डॉक्टरने दिराचे कपडे कापून काढताना वास घेतला होता आणि आपल्या कागदावर पेट्रोल असं लिहिलं होतं. हवालदाराच्या कागदावर रॉकेल होतं आणि त्यावर माझी सही नव्हती. दोन कागद जुळेनात, म्हणून मुंबईहून साहेब आला. पेट्रोलच्या टाक्या तपासायच्या, हेच त्याचं सरकारी काम. वाळका, छत्री घेतलेला, फार बोलायचा नाही. आल्या आल्या त्याने खिळे ठोकलेले बूट रस्त्यावरच काढले आणि मालकांच्या टायरच्या वहाणा मागून घेतल्या. खिळा दगडावर घासला तरी ठिणगी पडते, म्हणाला. सिगारेटचं पाकीट आणि काडेपेटी त्याने बुटात ठेवली आणि बुटांपाशी पाटलाला बसवलं. पाटलाला आवडलं नाही.

त्याने दोरीला बाटली बांधून विहिरीतलं वरचं पाणी काढलं. बाटलीत पाण्यावर दोन बोटं जाडीचा वेगळा थर होता. आग लागून बारा-तेरा दिवस झाले होते. वर होतं ते तेव्हाच जळून गेलं असणार, म्हणजे हे नवं आलेलं. मग त्याने कागद मागितला. एका कोपऱ्यावर माझ्या कंदिलातल्या रॉकेलचा थेंब टाकला, दुसऱ्यावर बाटलीतला. कागद उन्हात धरून उभा राहिला. बाटलीतला थेंब वाळून गेला, कागद कोरा. रॉकेलचा डाग तेलकट तो तेलकटच राहिला.

"बघा," म्हणाला. "हे रॉकेल नाही."

शेठ म्हणाला, "पेट्रोल असेल साहेब. पण माझंच कशावरून? रस्त्यावरून दिवसाला किती गाड्या जातात. कुठे काय सांडतं कोणी बघितलंय?"

साहेबाने पंप बंद करायला लावला. जमिनीखालच्या टाकीत वरून एक लांब खुणांची काठी घातली, ती जिथवर ओली झाली ती खूण लिहून घेतली, टाकीच्या तोंडावर लाख ओतून मोहोर मारली. दुसऱ्या सकाळी मोहोर फोडून परत काठी घातली. पेट्रोल बोटभर उतरलं होतं. शेठ म्हणाला, नोकर चोरतात. साहेबाने लाखेकडे बोट दाखवलं. मग शेठ म्हणाला, उन्हाने आटत असेल.

"टाकी तर जमिनीत आहे."

"जमीन तापते ना साहेब."

हसू कोणालाच आलं नाही, कारण साहेबच पुढे म्हणाला की टाकी गळते एवढ्याने भागत नाही. गळलेलं पेट्रोल याच विहिरीत आलं, हे जमिनीत दिसलं पाहिजे. नाहीतर शेठचा वकील म्हणेल, ते खाली कातळात गेलं आणि विहिरीतलं दुसऱ्याचं. आणि हे पावसाच्या आत झालं पाहिजे. एकदा खाचरं भरली की सगळं धुऊन जाईल आणि माग लागणार नाही. मृगाला तेव्हा दोन आठवडे राहिले होते.

पंप आणि विहीर यांच्यामधे सरळ रेषेत सात खड्डे खणायचे ठरलं. मालक आणि गावची चार माणसं कुदळी घेऊन लागली. कुदळीला सुद्धा चिंध्या गुंडाळल्या होत्या, त्यामुळे निम्मा जोर वाया जायचा. खड्ड्यातून निघालेली माती हुंगायचं काम साहेबाने बायकांना दिलं. स्वतःचं नाक पेट्रोलने केव्हाच मेलंय, असं तो म्हणाला, आणि पुरुषांची नाकं तंबाखूने. मी आणि दोन शेजारणी पदर बांधून खड्ड्याच्या कडेला बसलो आणि ढेकळं नाकाला लावायला लागलो. गावातले लोक बघायला यायचे. कोणी म्हणायचं, "कशीय माती? मीट बरं हाय का?"

सातही खड्ड्यांत काही नाही. कोरडा मुरूम, खाली काळा दगड. शेठनं सगळ्यांना चहा पाजला, त्या दिवशी चहात साखर जास्त होती. साहेबाने कागद आवरायला घेतले. मालकांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्याच सकाळी जावेच्या भावाने पुण्याहून निरोप आणला होता की दिराला ताप चढलाय आणि डॉक्टर काही सांगत नाहीत.

मी तिथंच बसून राहिले. माती हुंगून हुंगून डोकं जड झालं होतं. आणि तेव्हा मला राब आठवला.

मावळात भाताचं रोप करायची जमीन आधी भाजून घेतात. शेण, पालापाचोळा, तोडलेल्या डहाळ्यांची कवळं पसरून चैत्रात पेटवायचं, त्याला राब म्हणतात. आमचं राबाचं वावर त्या रेषेच्या बरंच बाजूला, पिंपळाच्या अंगाला. त्या साली राब भाजला तेव्हा वरच्या कोपऱ्यात आग विझेचना. पाला जळून राख झाली, राखसुद्धा बसली, तरी जमिनीच्या भेगांतून निळसर जाळ निघत राहिला, सकाळपासून दुपारपर्यंत. मी मालकांना बोलावून दाखवलं होतं. ते खूश झाले. राब एवढा झकास कधी भाजला नव्हता. सासूनं तर दुसऱ्या बायकांना नेऊन दाखवला.

मी उठून साहेबाला सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, पाला संपल्यावरही? जाळ निळा? मग कागद खाली ठेवले.

मालक म्हणाले, "हे तवा का न्हाई बोललीस?"

"बोलले व्हते. तुमी म्हनला, औंदा भात लय येनार."

पिंपळाच्या अंगाला खड्डा घेतला. कमरेइतकं खोल गेल्यावर मला हुंगायची गरज पडली नाही. खणणारा माणूसच "आरं द्येवा" म्हणत वर आला. तिथून पंपाकडे एक, विहिरीकडे एक, असे खड्डे घेत गेले आणि सगळे वासाचे निघाले. साहेबाने म्हाताऱ्या माणसांना विचारून घेतलं. रस्ता रुंद केला तेव्हा तिथला जुना ओढा दगड-मुरमानं बुजवला होता. वरून जमीन सपाट दिसायची, खाली ओढ्याचा वळणाचा मार्ग तसाच होता. पेट्रोल त्यातून वाट काढत, पिंपळाला वळसा घालून, आमच्या विहिरीत उतरत होतं. सरळ रेषेत ते चाललंच नव्हतं.

टाकी काढायची ठरली. आतलं पेट्रोल पिंपांत भरून नेलं, मग टाकी पाण्याने काठोकाठ भरली, म्हणजे आत वाफ उरणार नाही. मगच खणायला घेतलं. तीन वासे उभे करून साखळीनं ती वर ओढली तेव्हा सगळं गाव जमलं होतं. एवढी मोठी लोखंडी टाकी, आणि भोक निघालं ते माझ्या करंगळीच्या नखाएवढं. टाकीखाली वाळूची गादी घालायची असते. पंप बांधला तेव्हा वाळू नदीवरून आणावी लागली असती आणि रस्त्याची खडी शेजारीच पडली होती, म्हणून खडी घातली. एक टोकदार दगड टाकीच्या पोटात रुतला होता, तिथं गंजून भोक पडलं. शेठ बराच वेळ त्या भोकाकडे बघत होता. मग म्हणाला, "मला गवंड्यानं सांगितलं नाही." ते खरंही असेल.

विहीर साफ करायचं काम त्यानंतरचं. इंजिन लावायचं नाही, लोखंडी बादली नाही, म्हणून घरोघरचे तांब्याचे हंडे आले. जुनी लुगडी बांबूला बांधून पाण्यावर टेकवायची, तरंगणारं पेट्रोल कापडात यायचं, ते हंड्यात पिळायचं. हे आम्ही बायकांनी केलं. हाताची कातडी सोलून निघायची, खोबरेल लावून परत जायचं. पिळलेलं सगळं लांब माळावर खड्ड्यात ओतायचं आणि उन्हात उडू द्यायचं. त्या माळावर आणि विहिरीवर बिडी बंद होती. पुरुषांना तेवढाच त्रास झाला, पण तो त्यांनी पुष्कळ बोलून दाखवला. वरचा थर गेला की चामड्याची मोट जुंपून विहीर तळापर्यंत उपसायची. दोन दिवसांत पुन्हा पाणी भरायचं, पुन्हा वर थर दिसायचा, आधीपेक्षा पातळ. मृगापर्यंत तीन वेळा उपसली. बुजवलेला ओढा खणून वासाची माती माळावर पसरली. पाऊस आला आणि काम थांबलं. पुढच्या उन्हाळ्यात परत उपसली. पहिल्या साली त्या पाण्यानं भांडी घासली, दुसऱ्या साली गुरांनी प्यायलं, तिसऱ्या साली आम्ही.

नवा कागद पाऊस सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात झाला. साहेबाने स्वतः लिहिला आणि न मागता माझ्या हातात दिला. अक्षर चांगलं होतं, लवकर वाचून झालं. पंपाच्या टाकीतून गळालेलं पेट्रोल जमिनीखालून विहिरीत साचलं आणि त्याची वाफ कंदिलाच्या ज्योतीने पेटली, असं होतं.

साहेब म्हणाला, "कंदील त्यात राहणार, बाई. तो तुम्ही सोडलात."

"राहू द्या. खरं हाय ते."

मग मी म्हटलं, "आबा न्हाई ह्यात."

साहेबाने ऐकून घेतलं. आतून भाजण्याचं त्यानेच तेव्हा समजावून सांगितलं. पण आबाला कोणी डॉक्टरने बघितलं नव्हतं, मेल्याचा दाखला नव्हता, वाडीवर पुरून पंधरवडा उलटला होता. कशाच्या आधारावर लिहू, म्हणाला.

"मानूस मेला, याच्या आदारावर."

कागदावर एक जखमी असंच राहिलं. मी सही केली, कारण जे लिहिलं होतं त्यात खोटं काही नव्हतं. आबाच्या बायकोला मी जाऊन सांगितलं की तो आगीनंच गेला. तिनं विचारलं, "मंग अंगारा उगाच लावला?" मी हो म्हटलं.

दीर श्रावण सरता सरता घरी आला. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली होती आणि एक कान राहिला नव्हता. नांगर त्याला धरता आला नाही. गुरं राखायचा, पुढे कामशेतला तांदळाच्या दुकानात बसायचा. मला वैनीच म्हणायचा आणि कंदिलावरून कधी बोलला नाही. जाऊ माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही, मग मीठ संपलं म्हणून बोलली. मालक ती गोष्ट सांगायची वेळ आली की राबाचा जाळ आपण पहिल्यांदा बघितला असं सांगायचे. मी मधे पडायची नाही.

विहिरीवर त्या दिवशी चार माणसं होतो. दीर, मालक आणि मी वाचलो. आबा पाचव्या दिवशी गेला.